दिग्दर्शक नेमकं करतो तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कथा लेखकाची, चेहरे नटांचे, कॅमेरा छायालेखकाच्या हातात, गाणी संगीतकाराची. मग हिचकॉक, राय, कुरोसावा या नावांचा एवढा उदोउदो कशाला? आणि हे सिनेमे खरंच बघण्यासारखे असतात, की ‘बघितलेत’ असं चारचौघांत सांगण्यासारखे?

दुसरा भाग वाचून हसू आलं, कारण कित्येक वर्षं मीही हेच म्हणत होते. मी काही सिनेमाची अभ्यासक नाही. अंधारात जाऊन बसणारी साधी प्रेक्षक आहे, आणि आवडलेला सिनेमा दिसेल त्याला सांगत सुटायची खोड आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. शिवाय पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. चालणार नसेल तर इथूनच मागे फिरा, मी रागावणार नाही.

माझं मत फिरलं ते सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मुळे (१९५५). हरिहर कितीतरी दिवसांनी घरी परततो. मधल्या काळात वादळात घराची दैना झालीय आणि दुर्गा, त्याची लेक, तापाने गेलीय. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो आपला हौसेने एकेक आणलेली वस्तू बायकोला दाखवतोय. दाखवता दाखवता दुर्गासाठी आणलेली साडी काढतो. सर्वजया इतका वेळ दगडासारखी गप्प आहे. साडी हातात आल्यावर मात्र तिचा बांध फुटतो, रडण्यासाठी तोंड उघडतं, आणि आपल्याला ऐकू येते तारशहनाई, गजाने वाजवायचं एक तंतुवाद्य. बाईचा आवाज नाहीच. वरच्या पट्टीत, चिरत जाणारी, फक्त ती तारशहनाई.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय झालं हे मला कळलंच नाही, नुसता घशात आवंढा आला. नंतर तोच प्रसंग पुन्हा लावून पाहिला तेव्हा लक्षात आलं. पडद्यावरचं रडणं आपण आयुष्यात शेकड्याने ऐकलेलं असतं. कान सरावलेला असतो, आपण डोळे पुसून मोकळे होतो. इथे तोंड उघडलेलं दिसतं आणि कान त्या आवाजाची वाट बघत राहतो. तो येत नाही म्हटल्यावर तो आपण आपल्या पदरचा घालतो. मला जो ऐकू आला तो माझ्या घरातला, मी फार पूर्वी एकदा ऐकलेला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे या. कथा विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची. रडल्या करुणा बॅनर्जी. संगीत रविशंकर यांचं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. पण एकीचा आवाज काढून टाकायचा आणि त्या जागी दुसऱ्याचं वाद्य बसवायचं, हे ठरवायला तिथे आणखी एक माणूस लागतो. तो दिग्दर्शक. माझ्या लेखी त्याचं मोठं काम हे: प्रेक्षकाला काय द्यायचं नाही ते ठरवणं. हे डोक्यात बसल्यापासून मला सिनेमा बघताना एक खेळच मिळालाय. इथे माझ्यापासून काय लपवलं आणि का, एवढंच शोधत बसायचं.

(राय यांच्या चिकाटीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. काशफुलांच्या पांढऱ्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात तो प्रसंग. पहिल्या दिवशी अर्धं चित्रण झालं, आठवड्याने सगळे परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. राय पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबले. सिनेमा पुरा व्हायला तीनेक वर्षं लागली ती अर्थात पैशांच्या चणचणीमुळे, पण फुलांनीही हातभार लावला.)

राय यांचाच ‘चारुलता’ (१९६४) मला त्याहून जास्त आवडतो, आणि यावरून माझं मित्रमंडळींशी नेहमी भांडण होतं. सुरुवातीची सात-एक मिनिटं जवळजवळ संवाद नाहीत. मोठ्या घरातली एकटी बाई या खिडकीतून त्या खिडकीत जात दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं न्याहाळते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्यासमोरून व्हरांड्यातून निघून जातो, तिच्याकडे ढुंकूनही न बघता. ती काय करते? हाताच्या अंतरावरून गेलेल्या त्या नवऱ्याकडेही दुर्बीण लावून बघते. बस. या लग्नात काय बिनसलंय ते सांगणारं एकही वाक्य पुढे आलं नसतं तरी चाललं असतं.

हिचकॉककडे मी उशिरा वळले, कारण ‘भीतीचे सिनेमे’ म्हणून टाळत होते. चूक झाली. ‘रिअर विंडो’ (१९५४) बघा. पाय मोडून खुर्चीला खिळलेला छायाचित्रकार समोरच्या खिडक्यांत बघत वेळ घालवतो आणि एका शेजाऱ्याने बायकोचा खून केल्याचा त्याला संशय येतो. खून आपल्याला एकदाही दिसत नाही. दिसतं काय, तर पावसाळी रात्री एक माणूस पेटी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर पडताना. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ नायकाच्या खोलीतच अडकलेला, त्याच्यासारखाच. अंगणाभोवतीच्या सगळ्या इमारती यासाठी स्टुडिओत उभारल्या होत्या.

पण हिचकॉकची खरी लबाडी पुढे आहे. एका रात्री नायकाला डुलकी लागते, आणि तेवढ्यात तो शेजारी एका बाईबरोबर घराबाहेर पडताना आपल्याला दिसतो. नायकाला नाही, फक्त आपल्याला! म्हणजे खून झालाच नसेल, बायको आपल्या पायांनी गेली असेल, ही शंका आपल्या मनात पेरून ठेवली. आता नायक जसजसा इरेला पेटतो तसतसे आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा की त्याला वेड्यात काढावं या पेचात सापडतो. एवढ्याशा, काही सेकंदांच्या एका शॉटने हे सगळं साधलंय. लेखक, नट, छायालेखक सगळे तेच ठेवून तेवढा एक शॉट काढून टाका, सिनेमा निम्मा उरेल.

‘सायको’चा (१९६०) न्हाणीघरातला प्रसंग सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पडद्यावर तो पाऊण मिनिटाचा, चित्रणाला आठवडा लागला. सुरी, पाणी, हात, पडदा, तोंड असे तुकडे भराभर येतात आणि आपण काहीतरी भयंकर पाहिलं असं वाटतं. थांबवून थांबवून पाहिलं तर ते भयंकर बहुतेक आपल्याच डोक्यात घडलेलं असतं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. हिचकॉकला तो प्रसंग संगीताशिवाय हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ऐकलं नाही, व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या लिहूनच काढल्या. ऐकल्यावर हिचकॉकने आपला हट्ट सोडला. न दाखवण्यात ज्याची हयात गेली तो माणूस ‘इथे माझं चुकलं, इथे हवंय’ असंही म्हणू शकला. ज्यांना वाटतं की दिग्दर्शक म्हणजे सेटवरचा हुकूमशहा, त्यांच्यासाठी हे.

इथे कोणीतरी म्हणेल, हे सगळं ठरवून वगैरे काही नसतं, योगायोग असतात. बरोबर आहे, असतातही. स्पीलबर्गच्या ‘जॉज’चंच (१९७५) घ्या. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं चित्रण १५९ दिवसांवर गेलं. शार्क दाखवताच येत नव्हता, म्हणून दाखवला नाही. तासाभराहून जास्त वेळ गेल्यावर तो जनावर म्हणून धड समोर येतो. एरवी आहे काय? जॉन विल्यम्स यांचे ते दोन सूर, पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, आणि शार्कला दोराने अडकवलेली, पाण्यावरून सुसाट धावणारी पिवळी पिंपं. मला विचाराल तर ती पिंपं त्या शार्कपेक्षा भीतिदायक आहेत. यंत्र बिघडलं हा योगायोग. पण तेव्हा अठ्ठावीसच्या आतबाहेर असलेल्या त्या पोराने, निर्मात्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना, ‘शार्क दिसला नाही तर आणखी घाबरतील’ हे ओळखलं, त्याला मी योगायोग म्हणणार नाही. शार्क पूर्ण दिसल्यावर माझी भीती खरं तर कमी झाली. अरे, रबराचा आहे हा!

आता जपानचा अकिरा कुरोसावा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

‘सेव्हन सामुराई’ (१९५४) सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात, साडेतीन तासांचा असूनही घड्याळाकडे लक्ष जात नाही. पण माझा जीव जडलाय ‘इकिरू’वर (१९५२). वातानाबे हा सरकारी खात्यातला म्हातारा विभागप्रमुख. तीस वर्षं शिक्के मारण्यात घालवलेली. पोटाचा कर्करोग झाल्याचं त्याला कळतं. आधी तो रात्रभर भटकून, दारू पिऊन मजा करायचा प्रयत्न करतो, जमत नाही. मग ऑफिसातल्या एका हसऱ्या मुलीच्या मागे मागे फिरतो, कारण ती इतकी जिवंत कशी हे त्याला समजून घ्यायचंय. एका उपाहारगृहात त्याला अचानक सुचतं: वस्तीतल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग मागत होत्या आणि आपल्या खात्याने त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पिटाळलं होतं, ती बाग आपण करू शकतो. तो धावत जिना उतरतो, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरची मुलं कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागतात. गाणं दुसऱ्याच मुलीसाठी आहे. पण जिना उतरतोय वातानाबे.

इथवर कुठल्याही चांगल्या दिग्दर्शकाने केलं असतं. आता आपल्याला वाटतं, म्हातारा खात्याशी कसा झुंजतो ते बघायला मिळणार. आणि कुरोसावा काय करतो? ऑफिसातला एक छोटासा प्रसंग, आणि लगेच वातानाबेचा फोटो. पाच महिन्यांनी तो वारला. सिनेमाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग शिल्लक आहे आणि नायक मेला!

उरलेला सगळा वेळ आपण त्याच्या शोकसभेत बसतो. सहकारी दारू पीत वाद घालतात. बाग झाली ती उपमहापौरांमुळे, नाही, ती उद्यान खात्यामुळे, वातानाबेचा त्यात काय संबंध. मध्येच वस्तीतल्या बायका येतात, एक शब्द न बोलता फोटोसमोर रडून निघून जातात, आणि साहेबांचे चेहरे पडतात. मग कुणाला काही आठवतं, कुणाला काही. तुकड्यातुकड्यांतून आपल्याला तो म्हातारा दिसायला लागतो, साहेबाच्या दारात मान खाली घालून उभा, अपमान गिळत, हलायला तयार नाही. त्याने बाग कशी केली हे सरळ रांगेत दाखवलं असतं तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. त्याऐवजी त्या झिंगलेल्या कारकुनांत आपल्याला बसवलं. त्यांच्याबरोबर आपणही हळूहळू शरमिंदे होतो. शेवटी पोलीस येऊन सांगतो की त्या रात्री बर्फात तो झोपाळ्यावर बसून गात होता, खुशीत दिसला. ताकाशी शिमुरा यांचा तो चेहरा आणि तो पुटपुटल्यासारखा आवाज. यावर अधिक लिहिणार नाही, लिहिताना चष्मा पुसावा लागतो.

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात? ‘आपणही वातानाबेंसारखं व्हायचं’ अशा रात्रीच्या शपथा घेतलेले सगळे जण पुन्हा फायली पुढच्या टेबलावर सरकवतायत. कुरोसावाने आपल्याला तेवढंही समाधान दिलं नाही.

स्कॉर्सेसीच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) एक छोटीशी जागा आहे. ट्रॅव्हिस, म्हणजे तो टॅक्सीवाला नायक, एका मुलीला फोन करून माफी मागतोय, ती नकार देतेय हे त्याच्या बोलण्यावरून कळतं. कॅमेरा त्याला सोडून बाजूला सरकतो आणि रिकाम्या बोळाकडे बघत उभा राहतो. बोलणं चालूच. एखाद्याची फजिती होत असताना आपण जशी नजर फिरवतो, अगदी तसं. रक्ताने बरबटलेल्या त्या सिनेमात कॅमेऱ्याला बघवलं नाही ते एवढंच. टारांटिनोनेही ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये (१९९२) कान कापण्याच्या क्षणी कॅमेरा भिंतीकडे वळवलाय, आणि ज्या दरोड्यावर अख्खा सिनेमा उभा आहे तो दरोडा तर दाखवलेलाच नाही. तरी लोक त्या सिनेमातला हिंसाचार आठवतात तो त्या कानाचा! त्याचे पुढचे काही सिनेमे मला लांबलेले वाटतात; बोलायला बसला की थांबत नाही हा माणूस (माझ्यासारखाच).

नोलनचे चाहते आता माझ्यावर धावून येणार. ‘मेमेंटो’ (२०००) मला फार आवडतो. नायकाला नवीन काही लक्षात राहत नाही, म्हणून रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने लावलेत, म्हणजे मागचं काही माहीत नसताना प्रत्येक प्रसंगात आपणही त्याच्याइतकेच कोरे. पण नंतर नंतर त्याची पात्रं फार समजावून सांगायला लागली. ‘इन्सेप्शन’मध्ये (२०१०) अर्धा वेळ नियमांची शिकवणी चालते. आणि जिथे शिकवणी नको, त्या शेवटच्या शॉटमध्ये, हे स्वप्न की जाग ते सांगणारा भोवरा फिरत असताना पडदा काळा केला, तर त्या एका क्षणावर लोक अजून वाद घालतायत. यात सगळं आलं.

कुब्रिक? ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) बघताना मी पहिल्या खेपेला झोपले, खोटं कशाला बोलू. पंचवीस मिनिटं कोणी अवाक्षर बोलत नाही. दुसऱ्या खेपेला जागी राहिले आणि तो प्रसिद्ध कट नीट पाहिला: आदिमानव हाड हवेत भिरकावतो आणि पुढच्या क्षणी अंतराळात यान. लाखो वर्षं गाळली. शेवट मात्र मला अजूनही कळलेला नाही, आणि समजावणाऱ्यांचं ऐकूनही कळलेला नाही.

मराठीत हे कोणी केलंय का असं विचाराल, म्हणून आधीच सांगते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६). गाण्यांवर नाचलो सगळे, पण मला थिएटरातला शेवट आठवतो. लहान मूल शेजारणीचं बोट सोडून घरात शिरतं. आवाज गेलेला. अजय-अतुलच्या एवढ्या दणदणाटी संगीताच्या सिनेमात आता साधं रडणंही ऐकू येत नाही. मारेकऱ्यांचे घाव दाखवले नाहीत, पोराची लाल पावलं दाखवली. दिवे लागले तरी काही क्षण कोणी उठलं नव्हतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) याच्या अगदी उलट थंड प्रकृतीचा आहे. कॅमेरा लांब एका जागी उभा, कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन ‘हे बघा, इथे वाईट वाटून घ्या’ असं सांगत नाही. काहींना कंटाळवाणा वाटतो. मला तो बघताना राग येत राहिला, आणि मला वाटतं तेच अपेक्षित होतं.

सुरुवात करायची असेल तर ‘रिअर विंडो’पासून करा, कारण तो निव्वळ करमणूक म्हणूनही झकास आहे. मग ‘इकिरू’. ‘पथेर पांचाली’ एकट्याने बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कुब्रिकला झोप पुरी झालेल्या दिवशी हात घाला.

आणि या सगळ्यांनंतर, घाई न करता, इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांचा ‘क्लोज-अप’ (१९९०). एक गरीब सिनेमावेडा माणूस आपण मोहसेन मखमलबाफ हा प्रसिद्ध दिग्दर्शक असल्याची बतावणी करून एका कुटुंबात शिरतो आणि पकडला जातो. ही खरी घडलेली घटना, आणि त्यातल्या खऱ्या माणसांनीच सिनेमात काम केलंय. शेवटी तो तुरुंगातून सुटतो तेव्हा दारात खरा मखमलबाफ उभा असतो. त्याला बघून हा तोतया रडतो. दोघं मोटारसायकलवरून फुलं घेऊन त्या कुटुंबाची माफी मागायला निघतात, किआरोस्तामींची माणसं गाडीतून मागे मागे. सिनेमाभर आपण ज्या भेटीची वाट पाहिली तिच्यात हे दोघं काय बोलतात ते ऐकायला आपण कान टवकारतो, आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागतो. माईकची जोडणी सैल झालीय असं चित्रीकरणातली माणसं बोलताना ऐकू येतं.

मी उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली होती. तुम्ही उठू नका. तो बिघाड किआरोस्तामींनी स्वतः घातलाय.